‘हाय नून’ : एका पाश्चात्त्य चित्रपटाचे रसग्रहण

घोडे आणि पिस्तुले दिसली की चित्रपट पोरकट, असा आम्हां शिक्षकांत एक समज आहे. फ्रेड झिनेमान यांच्या ‘हाय नून’पुढे (१९५२) तो टिकत नाही. बाराच्या गाडीने फ्रँक मिलर सूड घेण्यास येणार, मार्शल विल केन सोबती शोधतो, कथा एवढीच. तिचा काळ पडद्यावरील सुमारे दीड तासाशी जवळजवळ जुळतो, आणि भिंतीवरची घड्याळे ते वारंवार बजावतात.

चर्चमधील प्रसंग मात्र पुनःपुन्हा पाहावा. तेथे दुष्ट कोणीच नाही. प्रत्येकाचे कारण सयुक्तिक. हेंडरसन तर केनचा स्नेही, पण गावाच्या भल्याची भाषा करणाऱ्या त्याच्याच भाषणाने केन एकटा पडतो. (न्यायाधीशमहाराज आधीच ध्वज आणि तराजू गुंडाळून निघालेले!) पटकथाकार कार्ल फोरमन यांना १९५१ साली, हे काम हाती असतानाच, अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीचे बोलावणे आले होते, हे येथे ध्यानी घ्यावे.

हॉवर्ड हॉक्स यांना मदत मागत फिरणारा मार्शल रुचला नाही. ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) हे त्यांचे उत्तर. आम्हांस मात्र गॅरी कूपर यांचा घामेजलेला, भ्यालेला चेहराच खरा वाटतो. अखेरीस गर्दी जमते. केन बिल्ला धुळीत टाकतो आणि अवाक्षर न बोलता पत्नीसह निघून जातो.