घोडा घ्यायचा एकदा, पोसायचा रोज

दरवर्षी दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. मारवाडी, काठियावाडी घोड्यांना लागलेल्या लाखांच्या बोल्या पेपरात छापून येतात. ‘एवढे पैसे जमले की झालं’ असं हौशी माणसाला वाटतं. खरा हिशेब तर घोडा दारात बांधल्यावर सुरू होतो.

गैरसमज : मोठा खर्च किमतीचाच.
वस्तुस्थिती : नीट सांभाळलेला घोडा २५ ते ३० वर्षं जगतो. किंमत एकदाच मोजायची, पण वैरण, नाल, औषध आणि मोतद्दाराचा पगार वर्षानुवर्षं चालू राहतो. स्वस्तात मिळालेला घोडा महागड्या घोड्यापेक्षा कमी खात नाही. उलट त्याचा लंगडेपणा किंवा जुनं दुखणं नंतर उघडकीला आलं, तर तोच जास्त महाग पडतो.

गैरसमज : माळावर सोडला की चरून पोट भरतो.
वस्तुस्थिती : घोड्याला रोज वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडं खाद्य लागतं. पावणेचारशे किलोच्या घोड्याला रोजचे सात-आठ किलो, म्हणजे वर्षाला पावणेतीन टनांच्या आसपास. वैशाखात उघड्या पडलेल्या माळावर हे मिळत नाही. शिवाय घोडा बैलासारखा रवंथ करत नाही; त्याचं जठर लहान, म्हणून दिवसभर थोडं थोडं खावं लागतं. त्याला उलटी करता येत नाही. एकदम भरपूर चंदी किंवा बुरशी लागलेला चारा पोटात गेला, तर पोटशूळ उठून जीवही जाऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात चारा कोरडा ठेवायची जागा हासुद्धा खर्चाचाच भाग.

गैरसमज : नाल एकदा ठोकली की वर्षभराची निश्चिंती.
वस्तुस्थिती : खूर नखासारखे सतत वाढतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासावे लागतात, म्हणजे वर्षात सात-आठ वेळा नालबंद हवा. डांबरी रस्त्यावर नाल आणखी लवकर झिजते. गावात नालबंद नसेल, तर त्याचा प्रवासखर्चही मालकाच्याच माथी. नाल नसलेल्या घोड्याचेही खूर तासावेच लागतात.

गैरसमज : उभ्याउभ्या झोपतो, खुंट्याएवढी जागा पुरे.
वस्तुस्थिती : डुलकी तो उभ्याने काढतो, गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावं लागतं. एका घोड्याला साधारण १२ बाय १२ फुटांची हवेशीर, कोरडी जागा हवी. रोज १५ ते २० किलो लीद उचलायची, खरारा करायचा, रपेट द्यायची. हे स्वतः करायचं तर रोजचे काही तास, नाहीतर माणूस ठेवायचा.

गैरसमज : आजारी पडला तरच डॉक्टर.
वस्तुस्थिती : धनुर्वाताचा धोका घोड्याला फार मोठा असतो, म्हणून लस चुकवून चालत नाही. जंतांचं औषध आणि धारदार झालेल्या दाढा घासणं हेही ठरल्या वेळी व्हायला हवं. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होऊ शकतो; तपासणीत निदान पक्कं झालं तर जनावराला दयामरण द्यावं लागतं.

गैरसमज : वरातीला जुंपला की खर्च निघतो.
वस्तुस्थिती : लग्नसराई ठरावीक महिन्यांची, घोड्याचं पोट बारमाही. आषाढ-श्रावणात घोडा रिकामा उभा असतो, तेव्हाही चंदी-वैरण आणि पगार चालूच राहतात. चार महिन्यांच्या कमाईतून बारा महिने काढता येतील का, ते आधी मांडून पाहावं.

तेव्हा बाजारात किंमत विचारण्याआधी गावातच चार चौकश्या कराव्यात : वैरणीचा उन्हाळ्यातला भाव काय, नालबंद कुठून येतो, घोड्याची माहिती असलेला डॉक्टर किती लांब आहे आणि मोतद्दार किती पगार मागतो. या चारांची वर्षाची बेरीज झेपत नसेल, तर घोडा फुकट मिळाला तरी घेऊ नये.