सोने अंगणात रुजावे

शारदीय नवरात्रास आरंभ झाला की चांदवड येथे रेणुकामातेच्या दर्शनासाठी भाविकांची रीघ लागते. नऊ दिवसांच्या या उपासनेची सांगता विजयादशमीस शमीपूजनाने आणि आपट्याचे सोने वाटून होते. परंतु हे सोने येते कोठून, याचा विचार आपण क्वचितच करतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात आपट्याच्या फांद्यांचे ढीग लागतात. चार पाने देवापुढे ठेवली जातात, काही आप्तेष्टांना दिली जातात आणि उरलेल्या फांद्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातात. पुष्कळदा आपट्याच्या नावाने कांचनाची पाने गळ्यात मारली जातात. कांचनही आपल्याच देशातला वृक्ष खरा, पण तो आपटा नव्हे. आपट्याचे पान लहान, जाडसर व लांबीपेक्षा रुंद असते. कांचनाचे पान मोठे आणि फुले गुलाबी-जांभळी असतात, तर आपट्याची फुले बारीक व फिकट पिवळी.

कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघुराजासाठी कुबेराने आपट्याच्या झाडावर सुवर्णवृष्टी केली, अशी कथा आपण दरवर्षी ऐकतो. त्या राशीतून कौत्साने गरजेपुरतेच घेतले. रानातली झाडे ओरबाडून सोने लुटणाऱ्या आपल्याला हा बोध विसरून कसे चालेल?

चांदवड तालुका अवर्षणप्रवण. येथे अंगणात काय लावावे, याचे उत्तर आपल्या पूजाविधीतच आहे. आपटा मुरमाड जमिनीत व थोड्या पाण्यावर तग धरतो. शमीची मुळे खोल जातात. बेल सावकाश वाढतो, पण दीर्घकाळ साथ देतो. शमी निवडताना मात्र डोळस राहावे. वेडी बाभूळ तिच्यासारखीच दिसते, परंतु ती अमेरिका खंडातून आलेली आणि माळरान व्यापून टाकणारी आहे. वेड्या बाभळीचे काटे पानाच्या बेचक्यात बहुधा जोडीने येतात. शमीचे काटे लहान असून फांदीभर विखुरलेले असतात.

परदेशी झाड तेवढे त्याज्य, असे मात्र नाही. तोरणातला झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. तो आपण केव्हाच आपलासा केला. पण पिढ्यान्‌पिढ्या राहणारा वृक्ष निवडताना मातीचा कौल घ्यावा.

आपट्याच्या वाळलेल्या शेंगांतील बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत रुजवावे आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर रोप भिंतीपासून आठ-दहा फुटांवर लावावे. पहिले दोन उन्हाळे जपावे, गुरांपासून राखावे. जागा अपुरी असेल, तर आळीतल्या चार घरांनी मिळून मंदिराच्या आवारात एकच झाड लावावे.

यंदा सोने देताना फांदी न मोडता एकेक पान खुडावे. जमल्यास पानासोबत आपट्याचे रोपही द्यावे; त्या घरी पुढच्या पिढीला सोन्यासाठी बाजार गाठावा लागणार नाही.