दूर राहून संगणकाचे दोषनिवारण

गावोगावी संगणक व इंटरनेट पोहोचले, तसे एक नवे कामही काही जणांच्या वाट्यास आले. काणकोणातील मामा पणजीत नोकरीस असलेल्या भाच्यास दूरध्वनीवरून विचारतात, सत्तरीतील शिक्षिका आपल्या माजी विद्यार्थ्यास संदेश पाठवितात. उभयतांचा हेतू चांगला असतो; तरीही अर्धा तास बोलून दोष तसाच राहतो, असा अनुभव अनेकांना येतो.

याचे कारण उघड आहे. साहाय्य करणाऱ्यास यंत्र दिसत नाही. त्यास केवळ शब्दांवर विसंबावे लागते. ‘नेट चालत नाही’ या वाक्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. म्हणून उपाय सांगण्यापूर्वी स्थिती विचारावी. पडद्यावर नेमकी कोणती अक्षरे उमटली आहेत? (त्यांचे छायाचित्र पाठविणे सर्वांत उत्तम.) त्याच वाय-फायवर घरातील मोबाइल चालतो काय? ही परीक्षा घेताना मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा, अन्यथा उत्तर फसवे येते. मोबाइल चालत असेल, तर दोष बहुधा संगणकातच असतो. दोन्ही बंद असतील, तर राउटर अथवा बाहेरील तार तपासावी.

फायबरची जोडणी असल्यास भिंतीवरील पेटीचे दिवे पुष्कळ सांगून जातात. ‘एलओएस’ या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला असेल, तर प्रकाशाचा संकेत पेटीपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. तार तुटली, फार मुडपली किंवा टोकाशी सैल झाली, तर असे होते. टोक नीट बसले आहे एवढे पाहावे आणि दिवा तसाच राहिल्यास सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. अशा वेळी पासवर्ड बदलणे किंवा संगणकातील कार्यक्रम काढून पुन्हा घालणे हा निव्वळ कालापव्यय होय. दिवे ठीक असून केवळ आतल्या खोलीत संकेत क्षीण असेल, तर जांभ्या दगडाच्या जाड भिंती आठवाव्यात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अशा भिंतींपुढे लवकर मंदावतात, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी तुलनेने दूर पोहोचतात.

शाळांतून वारंवार आढळणारा एक दोष मात्र जाळ्याचा वाटतो, पण जाळ्याचा नसतो. दीर्घ सुट्टीनंतर जुना संगणक सुरू केला, की बहुतेक संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देऊन अडतात. शिक्षक राउटरला दोष देतात. वास्तविक संगणकाच्या कोपऱ्यातील दिनांक पाहिला, तर तो कित्येक वर्षे मागे गेलेला आढळतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारी, नाण्याएवढी लहान बॅटरी आत संपलेली असते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रास आरंभीची व अखेरची तारीख असते. घड्याळ चुकले, की खरे प्रमाणपत्रही संगणकास अवैध भासते. दिनांक दुरुस्त करताच संकेतस्थळे उघडू लागतात. पुढे बॅटरी बदलून घ्यावी. ती बहुधा सीआर २०३२ या जातीची असते व किंमतही अल्प असते.

साहाय्य करणाऱ्याने एका वेळी एकच बदल सुचवावा, त्याचा परिणाम विचारावा आणि गुण न आल्यास तो बदल पूर्ववत करण्यास सांगावे. एकदम पाच गोष्टी बदलल्या, तर कोणत्या गोष्टीने गुण आला अथवा नवा बिघाड झाला, हे समजत नाही. राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी खुपसण्याचा सल्ला तर सहसा देऊच नये. त्याने सर्व मांडणी पुसली जाते आणि ती पुन्हा भरण्याची माहिती घरात कोणापाशी नसते.

दुसऱ्याचा पडदा दुरून हाताळण्याची सोय देणारे कार्यक्रम उपयुक्त आहेत. तथापि त्यांच्याच आधारे बँकेतील पैसे लुबाडले जातात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये अशाच एका कार्यक्रमाविषयी बँकांना सावध केले होते. ओळखीच्या माणसाने, आपण बोलावल्यावरच, पडदा पाहावा. त्या वेळी बँकेचे पान बंद ठेवावे, ओटीपी कोणासही सांगू नये आणि काम संपताच तो कार्यक्रम काढून टाकावा. अनोळखी व्यक्ती आपणहून दूरध्वनी करून ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असे म्हणाली, तर संभाषण तेथेच थांबवावे. पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेसही सूचना द्यावी; रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी ती रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.