छोट्या कांद्याची रोपे दिव्याखाली

सांबारात पडतो तसला छोटा लाल कांदा इंडोनेशियाच्या स्वयंपाकात रोज लागतो. मध्य जावातला ब्रेबेस हा त्याचे आगर मानला जाणारा जिल्हा. तिथे मागच्या पिकातला कांदाच बेणे म्हणून राखतात. हेक्टरी टनभर किंवा त्याहून जास्त बेणे लागते आणि लागवडीच्या खर्चाचा मोठा वाटा त्यातच जातो. शिवाय बेण्याबरोबर विषाणू आणि फ्युजॅरियम बुरशीही पुढच्या हंगामात उतरते.

खरे बी पेरले तर चार-पाच किलोत भागते. तरीही शेतकरी बिचकतो, तो रोपांच्या पहिल्या सहा आठवड्यांना. नाशिककडच्या शेतकऱ्याला रोप टाकणे अंगवळणी पडलेले असते. ब्रेबेसमध्ये मात्र कांदा खोचला की कोंब येतो, हीच सवय. बियाचा कोंब दुमडून वर येतो, पात दोऱ्याएवढी बारीक. जावाच्या पावसाची एक जोरदार सर वाफा झोपवते, उरलेली रोपे मर रोगाने जातात.

म्हणून रोपे घरात वाढवायची. मांडणीवर कोकोपीट भरलेले ट्रे, वर वीतभर अंतरावर पांढऱ्या एलईडी नळ्या, बारा तासांच्या आसपास उजेड. नळी फार वर टांगली की रोपे उंच होऊन लोळतात. उजेडाचे तास वाढवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण दिवस लांबला की कांदा पात सोडून गड्डा धरू लागतो. पाणी ट्रेखालून द्यावे, छोटा पंखा चालू ठेवावा; कोंदट हवेत मर इथेही येते. लावणीआधी आठवडाभर रोपे बाहेर काढून ऊन-वाऱ्याला सरावू द्यावीत.

विजेचा खर्च वाटतो तेवढा नाही. 18 वॅटच्या दोन नळ्या बारा तास चालल्या तर अर्धा युनिटही जळत नाही. खरी अडचण संख्येची आहे. हेक्टरला लाखो रोपे लागतात, त्यामुळे एका कप्प्यात दोन-तीन बिया टाकाव्या लागतात. अर्ध्या एकराच्या धन्याने स्वतःची खोली उभारण्यापेक्षा गावात एक सामाईक रोपवाटिका असणे शहाणपणाचे. तिथून ट्रे विकत घेता आले, की ते सहा आठवडे शेत अडत नाही आणि रोपे तयार होईपर्यंत त्याच वावरात भात उभा राहू शकतो.