पुसलेल्या नोंदी

पडलेला माणूस उठतो आणि ध्येय गाठतो, हे दृश्य कोणाही सहृदयाला हेलावून सोडणारे असते. ३१ मे २००९ रोजी रोममध्ये ते जगाने पाहिले. इटलीच्या ‘जिरो’ या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा तो अखेरचा दिवस. प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी झुंजावयाचे होते. देनिस मेंशोव हा रशियन सायकलपटू अवघ्या २० सेकंदांनी आघाडीवर होता. शर्यत संपण्यास सुमारे एक किलोमीटर उरला असता ओल्या फरसबंदीवर त्याची सायकल घसरली व तो रस्त्यावर फेकला गेला. मागच्या मोटारीतील मिस्त्रीने क्षणार्धात दुसरी सायकल पुढे केली. तो स्वार झाला आणि इटलीच्या दानिलो दि लुका याला एकंदर ४१ सेकंदांनी मागे टाकून विजयी ठरला.

ओर्योल येथे १९७८ साली जन्मलेला हा मितभाषी खेळाडू सोव्हिएत राजवटीच्या अस्तानंतरच्या पिढीतला. त्या राजवटीत सायकलपटू नावाला हौशी असत. व्यावसायिक संघांची दारे त्यांना उघडली ती १९८९ च्या सुमारास. पुढे १९९४ मध्ये बेर्झिन व १९९६ मध्ये तोन्कोव या रशियनांनी जिरो जिंकली. मेंशोव तरुणपणीच स्पेनला गेला, २००० साली व्यावसायिक झाला, पुढे राबोबँक या डच संघात दाखल झाला आणि २००७ मध्ये त्याने स्पेनची ‘व्हुएल्टा’ जिंकली. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये त्याने तिसरे स्थान मिळविले. २०१३ साली गुडघ्याच्या दुखण्याने तो निवृत्त झाला.

येथे कथा संपती तर ती बालवाचनात शोभली असती. परंतु २०१४ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या शिक्षा झालेल्यांच्या यादीत त्याचे नाव गाजावाजा न होता प्रसिद्ध झाले. खेळाडूच्या रक्ताच्या तपासण्या वर्षानुवर्षे नोंदवून त्यांतील अनैसर्गिक चढउतार हेरणारी पद्धत २००८ पासून अमलात आली आहे. त्या नोंदींतील दोषामुळे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि २००९, २०१० व २०१२ या तिन्ही वर्षांचे टूरमधील त्याचे निकाल रद्द झाले.

जिरोचे विजेतेपद मात्र त्याच्याकडेच राहिले. त्याच शर्यतीतील दुसरा दि लुका व तिसरा पेलिझोत्ती या दोघांचीही स्थाने उत्तेजकविषयक कारवाईत गेली. २००५ ची व्हुएल्टा तर न्यायालयाच्या आवारातच फिरत राहिली. शर्यतीत प्रथम आलेला रोबेर्तो एरास दोषी ठरल्याने ती मेंशोवला मिळाली. २०१२ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने एरासच्या बाजूने निर्णय दिला आणि ती पुन्हा एरासकडे गेली. ज्या खेळात विजेता कोण हे वकिलांना विचारावे लागते, त्या खेळाच्या प्रेक्षकाने टाळ्या तरी कधी वाजवाव्यात?

काही जण म्हणतील, सारेच पाण्यात होते, मग ओल्या अंगाचा दोष एकट्यालाच का? हा युक्तिवाद आम्हास मान्य नाही. २०१० मध्ये मेंशोवच्या मागे चौथा आला तो स्पेनचा सामुएल सांचेझ. पॅरिसमध्ये विजयमंचावर पहिले तिघे उभे राहिले तेव्हा तो त्यांत नव्हता. मागाहून कागदावर त्याचे स्थान सुधारले. तो क्षण मात्र कोणतेही न्यायासन त्याला परत देऊ शकत नाही. अपराध नियमपुस्तकाविरुद्ध घडला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो शेजारच्या माणसाविरुद्ध घडलेला असतो.

संघांचे धनको, विजयासाठी हपापलेले व्यवस्थापक, सोयीस्कर डोळेझाक करणारे अधिकारी, यांच्या माथी दोषाचा वाटा आहेच. तथापि साध्याइतकेच साधनही शुद्ध असले पाहिजे, हा आग्रह ज्या भूमीत राजकारणातही धरला गेला, तेथील वाचकांस वेगळे काय सांगावे? आपल्या मुलांच्या हाती खेळाचे साहित्य देताना हा आग्रहही त्यांच्या हाती द्यावा. रोमच्या फरसबंदीवर मेंशोव घसरला, त्यात लाज वाटण्याजोगे काहीच नव्हते. त्या पडण्यातून उठण्यास काही सेकंद पुरले. रक्ताच्या नोंदीत सापडलेल्या घसरणीतून उठण्यास मात्र दुसरी सायकल घेऊन कोणी धावत येत नाही.