वाढत्या अंगाचे स्केट्स

जून महिना उजाडला की घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "वाढत्या अंगाचा घ्या हो!" मग गणवेशाचा सदरा गुडघ्याकडे झुकतो, चड्डी पट्ट्याने आवळावी लागते, पण पुढच्या वर्षी तोच गणवेश कामी येतो. सदऱ्याच्या बाबतीत हा हिशेब चोख आहे. चाकांच्या बुटांच्या, म्हणजे स्केट्सच्या बाबतीत मात्र तो कसा अंगलट येतो, ते मी माझ्या भाचीच्या पायांत पाहिले.

भाची अकरा वर्षांची. तिला एका ओळीत चार चाके असलेले इनलाइन स्केट्स घेतले, ते दोन मापे मोठे. मैदानावर इतर मुले सुळकन पुढे जात आणि ही दोन्ही घोटे आत पाडून, बदकासारखी चालत असे. दहा मिनिटांत पाय भरून येत. "हिचे घोटेच कमजोर आहेत," असा निकाल शिकवणाऱ्यांनी दिला आणि मुलीने तो मुकाट्याने मान्यही केला. स्केट्स माळ्यावर टाकायचे ठरले.

मला हा निकाल पटेना. कारण हीच मुलगी लंगडीत भल्याभल्यांना बाद करते. एका पायावर उड्या मारत, वळणे घेत पळणाऱ्या मुलीचा घोटा कमजोर कसा असेल? तेव्हा घोट्यावर खटला भरण्याआधी बुटाची साक्ष काढणे भाग होते.

प्रथम लंगडीच पाहू. अनवाणी एका पायावर उभे राहा आणि डोळे पायाकडे लावा. पाऊल सारखे किंचित इकडेतिकडे होताना दिसेल. तोल आत जाऊ लागला की तळव्याच्या आतल्या कडेवर भार येतो, बाहेर जाऊ लागला की बाहेरच्या कडेवर. तळवा सात-आठ सेंटिमीटर रुंद असतो. तेवढ्या रुंदीत जमिनीचा आधार सरकवून घोटा तोल सावरतो. हे काम इतक्या मुकाट्याने चालते, की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता त्याच पायाखाली इनलाइन स्केट द्या. चार चाके, पण सारी एका रेषेत. प्रत्येक चाक जमिनीला टेकते ते जेमतेम एका सेंटिमीटरच्या आत. म्हणजे आधार सरकवायला जागाच उरली नाही. शिवाय चाके आणि फ्रेम यांमुळे तळवा जमिनीपासून आठ-नऊ सेंटिमीटर उंच गेला. घोट्याचा सांधा त्याच्याही वर. भाचीच्या बाबतीत तो जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर उंचीवर होता.

तुमच्या आईवडिलांनी लहानपणी वापरलेले लोखंडी स्केट्स कदाचित घरात असतील. किल्लीने लांबी कमी-जास्त करायची आणि कॅनव्हासच्या बुटावरच पट्टा आवळायचा. त्यांना वेगळा कडक बूट लागत नसे. याचे कारण त्यांची चाके दोन पुढे, दोन मागे अशी चौकोनात असतात. ही रचना अमेरिकेतील जेम्स प्लिम्प्टन यांनी १८६३ मध्ये प्रचारात आणली. चौकोनाची रुंदी तळव्याच्या रुंदीचेच काम करते. एका रेषेतल्या चाकांची कल्पना खरे तर त्याहूनही जुनी. पॅरिसमध्ये १८१९ साली तिचे पेटंट घेतले गेले होते. पण ती खऱ्या अर्थाने रुजली १९८० च्या सुमारास, अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात. बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या ओल्सन बंधूंना उन्हाळ्यातही सराव हवा होता. त्यांनी बर्फाच्या हॉकीचे भक्कम बूट घेतले आणि त्यांखाली एका ओळीत चाके बसविली. पुढे बर्फावर घसरण्याच्या स्कीच्या बुटांप्रमाणे कडक प्लॅस्टिकचे कवच आणि आत मऊ अस्तराचा बूट, अशी रचना आली. चाके एका रेषेत आली, तसा बूट कडक होत गेला. हा योगायोग नाही.

का, ते आकड्यांनी पाहू. भाचीला स्केट्स घालून उभे केले आणि मागून छायाचित्र घेतले. कोनमापक लावला तर बूट सरळ उभ्या रेषेपासून सुमारे १० अंश कललेला. १५ सेंटिमीटर उंचीवरचा घोटा १० अंश कलला, तर तो चाकांच्या रेषेपासून १५ × ०.१७, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर आत जातो. शरीराचे वजन नडगीतून खाली येते ते घोट्यावर. जमीन वर रेटते ती मात्र चाकाशी. दोन बलांच्या रेषांत अडीच सेंटिमीटरचे अंतर पडले, की बूट फिरविणारे परिबल निर्माण होते. मुलीचे वजन ३६ किलो, म्हणजे सुमारे ३६० न्यूटन. एका पायावर भार असताना परिबल झाले ३६० × ०.०२५, म्हणजे ९ न्यूटन-मीटर.

नऊ म्हणजे किती? दीड लिटरची पाण्याने भरलेली बाटली हातात घ्या आणि हात खांद्याच्या उंचीवर समोर ताठ धरा. हाताचे स्वतःचे वजन सोडले, तर तुमच्या खांद्यावर साधारण एवढेच परिबल आहे. आता घड्याळ लावा. मिनिटभरातच हात थरथरू लागेल. गंमत पाहा, पदार्थविज्ञानाच्या व्याख्येप्रमाणे तुम्ही काहीच कार्य करीत नाही, कारण बाटली हललेलीच नाही! पण स्नायूंना ताण नुसता धरून ठेवण्यासाठीही ऊर्जा खर्चावी लागते. घोट्याच्या बाजूचे स्नायू खांद्याच्या मानाने किती लहान! ते दहा मिनिटे टिकले, हेच कौतुक. निकाल लागला तो असा: घोटा कमजोर नव्हता, त्याच्यावर भलतेच काम लादले होते.

आणखी एक खोच आहे. घोटा जितका कलतो तितके अंतर वाढते, अंतर वाढले की परिबल वाढते, आणि परिबल वाढले की घोटा आणखी कलतो. तळहातावर काठी उभी धरून पाहा. काठी जराशी कलली असतानाच सावरली तर सावरते, उशीर झाला की हातची जाते. तेव्हा आधार किती बळकट आहे याइतकेच तो किती लवकर मिळतो, हे महत्त्वाचे.

बुटाचा कडकपणा इथे उपयोगी पडतो. बुटाचा वरचा भाग, ज्याला कफ म्हणतात, तो नडगीला घोट्याच्या बराच वर धरतो. समजा, ही पकड घोट्यापासून १५ सेंटिमीटर उंच आहे. मग नऊ न्यूटन-मीटरचे परिबल थोपवायला तिथे ९ ÷ ०.१५, म्हणजे ६० न्यूटन एवढे बल पुरते. सहा किलो वजनाइतके. तरफेचाच हा प्रकार. लहानशा स्नायूंचे काम प्लॅस्टिकच्या कवचाने अंगावर घेतले. मात्र हे ६० न्यूटन हाडावरच्या दोन चौरस सेंटिमीटर जागेवर आले, तर दर चौरस सेंटिमीटरला ३० न्यूटन दाब पडेल आणि तिथे काळेनिळे होईल. तेच साठ चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर एकच न्यूटन. म्हणून कवच कडक आणि अस्तर जाड व मऊ.

आता वाढत्या अंगाकडे येऊ. कफ कितीही कडक असो, नडगी त्याला टेकल्याशिवाय तो काहीच करू शकत नाही. नडगी आणि कफ यांच्यात एक सेंटिमीटर पोकळी असेल, तर १५ सेंटिमीटर उंचीवर तिचा अर्थ सुमारे चार अंश. म्हणजे पहिले चार अंश बूट नुसता बघ्याची भूमिका घेतो! तोवर परिबल चार न्यूटन-मीटरच्या घरात पोचलेले असते. टाच आतल्या आत सरकत असेल तर आणखी काही अंश वाया. दुकानात आपण बोटांनी बूट दाबून त्याचा कडकपणा पाहतो आणि खूश होतो. माझ्या मते हा तपासाचा उलटा क्रम आहे. आधी बूट पायाला बसला पाहिजे, मगच तो कडक की मऊ हा प्रश्न उरतो. मोठ्या मापाचा महाग, कडक बूट हा बेतास बात पण नीट बसणाऱ्या बुटापुढे हरतो. दोन जोड मोजे घालून पोकळी भरण्याची युक्तीही फसवी. मोजे दबतात, एकमेकांवर सरकतात आणि टाचेला फोड आणतात.

मग सगळीकडून कडक असा बूट सर्वांत चांगला का? नाही. हातातली प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. आडवी धरून वाकवा, सहज वाकते. काठावर उभी धरून वाकवा, हलत नाही. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड असेल, तर दोन दिशांतील ताठपणात १५ चा वर्ग, म्हणजे २२५ पट फरक असतो. वस्तू तीच, पण एका दिशेने लवचीक, दुसऱ्या दिशेने ताठ. स्केटचा बूट असाच हवा. बाजूला ताठ, पुढे मात्र वाकणारा. गुडघे वाकवून नडगी पुढे झुकवता आली नाही, तर शरीराचा भार टाचांवर जातो आणि माणूस मागे आपटतो. म्हणून चांगल्या बुटात कफ घोट्याशी बिजागरीने जोडलेला असतो.

शर्यतीचे स्केट्स पाहिले तर तुम्ही मला कोंडीत पकडाल. हांगझाऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत २ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेमध्ये कांस्यपदके मिळविली. अशा शर्यतींतले बूट घोट्याच्या आसपासच संपतात. कफच नाही! मग आपले गणित खोटे? मुळीच नाही. या खेळाडूंनी वर्षानुवर्षांच्या सरावाने घोटा चाकांच्या रेषेवर राखायला शिकलेले असते. अंतर शून्याजवळ राहिले की परिबलही शून्याजवळ. आणि त्या बुटाचा तळ व टाचेची वाटी कार्बन तंतूंची, अत्यंत ताठ असते. पुष्कळदा ती पायाच्या आकाराबरहुकूम घडवलेली असते. पोकळी नावालाही नाही. शर्यतीत रेटा बाजूला द्यायचा असतो. त्यातला थोडा जरी भाग बूट वाकण्यात गेला, तर तेवढा वेग गेला. नवशिक्याने मात्र त्यांचे पाहून कफाविना बूट घेऊ नये.

तुमच्या स्केट्सची परीक्षा घरीच घ्या. टाच भिंतीला लावून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा आणि लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. हे संध्याकाळी करावे, दिवसभरात पाऊल थोडे सुजते. एक पातळ मोजा घालून बूट चढवा, टाच मागे आपटून बसवा आणि टाचेला खाली धरणारा तिरपा पट्टा आधी आवळा. ताठ उभे राहिल्यावर अंगठा पुढे हलकेच टेकला पाहिजे; गुडघे वाकवले की तो मागे सरला पाहिजे. टाच उचलून पाहा, ती बुटातून सुटता कामा नये. लांबी वाढवता येणारे मुलांचे स्केट्स मिळतात, ते मापे वाढण्यावर बरा उपाय आहेत. पण त्यांची लांबीच वाढते, टाचेची वाटी आहे तेवढीच राहते, हे घेतानाच पाहून घ्यावे.

भाचीला तिच्याच वर्गातल्या एका मुलीचे लहान झालेले स्केट्स मिळाले. जुने, रंग उडालेले, पण मापाचे. पहिल्याच दिवशी पुन्हा मागून छायाचित्र घेतले. कोनमापकाने तीन अंश दाखवले. मी वहीत आकडा लिहीपर्यंत ती मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. मोठे स्केट्स माळ्यावर आहेत, दोन वर्षांनी खाली काढू.