‘विदिन यू विदाउट यू’ : एका गीताची रचना आणि समीक्षेचे बदलते निकष

प्रस्तावना :
लोकप्रिय संगीतातील एखाद्या रचनेचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा सांस्कृतिक अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. दोन संगीत-परंपरांच्या संगमातून जन्मलेल्या रचनेबाबत तो अधिकच गुंतागुंतीचा होतो. ‘बीटल्स’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) या अल्बममधील ‘विदिन यू विदाउट यू’ हे गीत त्याचे बोलके उदाहरण आहे. या गीताचे स्वरूप व त्याचे समीक्षात्मक स्वागत यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

निर्मितीची पार्श्वभूमी :
जॉर्ज हॅरिसन यांची पंडित रविशंकर यांच्याशी १९६६ मध्ये लंडनमध्ये भेट झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते मुंबईस आले आणि रविशंकर यांच्याकडे त्यांनी सतारीचे शिक्षण घेतले. रविशंकर यांनी आकाशवाणीसाठी केलेल्या एका दीर्घ रचनेवरून हे गीत सुचल्याचे हॅरिसन यांनी पुढे सांगितले. मार्च-एप्रिल १९६७ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत त्याचे ध्वनिमुद्रण झाले. वाद्यवृंदातील अन्य तिघांचा त्यात सहभाग नव्हता. साथीला दिलरुबा, तबला, तंबोरा व स्वरमंडल ही वाद्ये होती.

सांगीतिक स्वरूप :
सुमारे पाच मिनिटांच्या या गीताची स्वररचना खमाज थाटाशी जुळते. शुद्ध गांधार व कोमल निषाद हे तिचे ठळक विशेष. आरंभी लयमुक्त, आलापसदृश अंश आहे. गायनाचा भाग सोळा मात्रांच्या तीनतालाच्या चालीने जातो, तर मधला वाद्यांचा भाग दहा मात्रांच्या झपतालाच्या अंगाने बांधलेला आहे. दिलरुबा गायकाच्या स्वरांचा मागोवा घेतो. मधल्या भागात तंतुवाद्यांमध्ये सवाल-जवाब रंगतो. जॉर्ज मार्टिन यांनी आठ व्हायोलिन व तीन चेलो यांसाठी केलेल्या संयोजनात पाश्चात्त्य वादकांना दिलरुब्याच्या मींडेचे अनुसरण करावे लागले. स्वरसंवादाच्या बदलत्या मालिकेऐवजी येथे अखंड षड्जाचा आधार आहे. म्हणजेच, भारतीय वाद्ये येथे केवळ रंगत आणण्यासाठी नाहीत; रचनेचा सांगाडाच भारतीय तत्त्वांवर उभा आहे. तथापि यास रागविस्तार म्हणता येणार नाही. ते रागसंगीताच्या घटकांचे गीताच्या चौकटीत केलेले संक्षेपण आहे.

समीक्षेचा प्रवास :
अल्बमच्या मलपृष्ठावर सर्व गीतांचे शब्द छापलेले होते. त्यामुळे श्रोत्यांचे व समीक्षकांचे लक्ष शब्दांकडे वळणे स्वाभाविक होते. काहींना या गीतातील तत्त्वचिंतन गंभीर वाटले, काहींना ते कंटाळवाणे प्रवचन वाटले. गीताच्या शेवटी ऐकू येणारे हास्यही वादाचा विषय ठरले. काहींनी त्यात उपहास पाहिला. पाच मिनिटांच्या गांभीर्यानंतर मन हलके व्हावे, हा आपला हेतू असल्याचे हॅरिसन यांनी स्पष्ट केले. जॉन लेनन यांनी १९८० मध्ये या गीताची गणना हॅरिसन यांच्या उत्तम गीतांत केली. समीक्षक इयन मॅकडॉनल्ड यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात, शैलीच्या दृष्टीने बीटल्सच्या रूढ ध्वनीपासून सर्वांत दूर गेलेल्या या गीताला अल्बमच्या सदसद्विवेकाचे स्थान दिले. जेरी फॅरेल यांनी १९९७ च्या ग्रंथात भारतीय संगीताच्या परिभाषेचा आधार घेऊन त्याचे विवेचन केले. येथे निकष बदलल्याचे दिसते : गीत काय सांगते, या प्रश्नाबरोबरच ते कसे बांधले आहे, हा प्रश्नही विचारला जाऊ लागला.

अनुल्लेखाचा प्रश्न :
ज्या मलपृष्ठावर गीताचा शब्द न् शब्द छापला गेला, तेथे भारतीय वादकांच्या नावांना मात्र स्थान मिळाले नाही. अ‍ॅना जोशी व अमृत गज्जर (दिलरुबा), नटवर सोनी (तबला) आणि बुद्धदेव कन्सारा (तंबोरा) ही नावे कित्येक वर्षांनंतर प्रकाशात आली. वादक अनामिक राहिले की त्यांची कला ‘पौर्वात्य वातावरण’ या मोघम संज्ञेत विरून जाते आणि श्रेय केवळ संगीतकाराच्या खाती जमा होते. म्हणून श्रेयनोंद ही औपचारिक बाब नसून समीक्षेचे मूलभूत साधन आहे.

समारोप :
हे गीत पाश्चात्त्य निकषांवर एकसुरी आणि रागसंगीताच्या निकषांवर अपुरे ठरू शकते. दोन्ही निर्णय एकांगी आहेत. संगमातून निर्माण झालेल्या रचनेचे मूल्यमापन करताना दोन्ही परंपरांचे व्याकरण जाणणे आणि ती प्रत्यक्ष घडविणाऱ्या सर्व हातांची नोंद घेणे आवश्यक ठरते. हॅरिसन यांनी जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. त्या वादकांच्या कार्याचा अभ्यासही याच दृष्टीने होणे अगत्याचे आहे.